अर्ध्या मिलिमीटरचा वाद

हौशी : काका, मी शेवटी अर्ध्या मिलिमीटरवर आलोय. सात प्लेटा, दीडशे बाय दीडशेच्या. मधे रबरी गॅस्केट, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची जाड फळी आणि भोवतीने बोल्ट. पहिली प्लेट धन, शेवटची ऋण, मधल्या पाच कशालाच जोडलेल्या नाहीत, न्यूट्रल. म्हणजे सहा घरं झाली. बारा व्होल्ट दिले की प्रत्येक घराच्या वाट्याला दोन. एवढं सगळं एका संध्याकाळी ठरलं. पत्र्याच्या जाडीवर मात्र महिना गेला, कारण ज्याला विचारावं तो एकच सांगतो : ‘जाड घे, टिकेल.’ कशापुढे टिकेल, किती दिवस टिकेल, हे कोणी सांगत नाही. दुकानदाराने ‘काय करायचंय?’ विचारलं. पाण्यातून हायड्रोजन काढायचाय म्हटल्यावर त्याने वीस गेज दाखवलं. कपाटाला हवंय म्हटलं असतं तरी त्याने वीस गेजच दाखवलं असतं.

शंकेखोर : वीस गेज म्हणजे किती, हे त्याला विचारलंस का? गेज वाढला की पत्रा पातळ होतो, इथेच निम्मी गिऱ्हाइकं घसरतात. शिवाय तक्ते दोन. एकात वीस गेज म्हणजे ०.९१ मिलिमीटर, दुसऱ्यात ०.९५. तू ज्या अर्ध्या मिलिमीटरवर महिना घालवलास तो दुकानात आधी मायक्रोमीटरने मोजून बघ, मग वाद घालू. ते असो. मी मेंटेनन्समध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. तिथे एक गोष्ट हाडात मुरली : जिथे वीज जास्त, तिथे धातू जास्त. घरातला दिवा बारीक तारेवर जळतो, गिझरला जाड वायर लागते आणि पॅनेलमागे तर बोटभर रुंद तांब्याच्या पट्ट्या. तू वापरतोयस स्टेनलेस. ३०४ नंबरच्या स्टीलचा रोध तांब्याच्या चाळीसपटीहून जास्त. आधीच वाहायला नाखूश असलेला धातू, त्यात तू तो कागदासारखा पातळ घेणार. दहा अँपिअर सोडलेस की पत्रा इस्त्रीसारखा तापेल.

हौशी : मलाही महिनाभर तसंच वाटत होतं. मग एक दिवस वीज कुठून कुठे जाते याचं चित्र काढलं आणि डोकं जागेवर आलं. तुमच्या वायरीत वीज लांबीने जाते. दहा मीटरचा बोळ आहे, तो अरुंद असला की खेचाखेच होते. माझ्या न्यूट्रल प्लेटीत ती आरपार जाते. या तोंडातून शिरते, त्या तोंडातून बाहेर. तो बोळ नाही, उंबरठा आहे. आणि उंबरठा किती रुंद? गॅस्केटच्या आतला ओला भाग शंभर चौरस सेंटिमीटर. आता हिशोब करा. एक मिलिमीटर जाडीची प्लेट, दहा अँपिअर. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पडणारं व्होल्टेज येतं ०.७ मायक्रोव्होल्ट. मिलिव्होल्ट नाही, मायक्रोव्होल्ट. तुमच्या मल्टिमीटरवर शून्यच दिसेल. अर्धा मिलिमीटर घेतला तर त्याच्याही निम्मं, कारण आरपार जायचं तर पातळ पत्राच बरा. म्हणजे विजेच्या बाजूने बघितलं तर ‘जाड घे’ हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे.

मग दोन व्होल्ट जातात कुठे? १.२३ व्होल्ट ही पाण्याने मागितलेली कमीत कमी किंमत, त्यात घासाघीस नाही. दोन प्लेटांमधल्या तीन मिलिमीटर पाण्यात, म्हणजे पाव भाग कॉस्टिक पोटॅश घातलेल्या पाण्यात, पन्नासेक मिलिव्होल्ट जातात. पत्र्याच्या तुलनेत ते सत्तर हजारपट झाले. उरलेला अर्धा-पाऊण व्होल्ट खर्च होतो प्लेटीच्या दोन तोंडांवर, बुडबुडा जन्माला घालताना. पत्र्याच्या पोटात काहीच घडत नाही, काका. जे काही घडतं ते कातडीवर. म्हणून मी पैसे जाडीवर न घालता पॉलिश पेपरवर घालणार आहे. तोंड आडवं-उभं घासून खडबडीत केलं की बुडबुडे लवकर सुटतात.

(आकडा इतका लहान आला की प्रश्नच मिटला असं वाटतं. हे लिहिणाराही इथवर येऊन थांबणार होता.)

शंकेखोर : न्यूट्रल प्लेटांचं मान्य. उंबरठ्याची गोष्ट माझ्या डोक्यात नव्हती. पण सात प्लेटांत न्यूट्रल पाचच. टोकाच्या दोन? त्यांना वीज आरपार मिळत नाही, एका कोपऱ्यातल्या कानातून मिळते. कानाला भोक, भोकात बोल्ट, बोल्टला वायर. तिथून ती अख्ख्या पत्र्यावर पसरायची. हा तुझा बोळच झाला की. आणि बोळाच्या तोंडाशी अजून एक दार आहे, ते तू चित्रात काढलंच नसशील : बोल्ट आणि पत्रा जिथे एकमेकांना टेकतात ती जागा. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा वीज सहज सोडत नाही. पातळ पत्र्यावर बोल्ट आवळलास की वॉशरखालचा भाग वाटीसारखा बसतो आणि कडेकडेने पत्रा वर उचलला जातो. टेकलेली जागा उरते नखाएवढी. चार दिवसांनी बघशील तर कानावर पांढरी खपली धरलेली असेल. पोटॅश रांगतं, बाबा. गॅस्केटच्या फटीतून इंचभर वर चढतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड खातं आणि तिथेच पांढरं होऊन बसतं. ती खपली बोल्टखाली शिरली की सांधा गरम होतो, गरम झाला की सैल होतो, सैल झाला की आणखी गरम. मी जळालेले सांधे बघितलेत. मधोमध जळालेली पट्टी मला आजवर दिसलेली नाही.

हौशी : याचाही हिशोब केलाय. दोन सेंटिमीटर रुंद, चार सेंटिमीटर लांब कान. एक मिलिमीटर जाडीत दहा अँपिअरला चौदा मिलिव्होल्ट जातात, अर्ध्या मिलिमीटरमध्ये एकोणतीस. उष्णता अनुक्रमे ०.१४ आणि ०.२९ वॅट. इस्त्री सोडा, अगरबत्तीएवढंही तापणार नाही. टोकाच्या प्लेटीवर वीज पसरताना पाच-दहा मिलिव्होल्ट गेले तर गेले. सांध्याचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. सांध्याचा रोध समजा वीस मिलिओहम झाला तर तिथे दहा अँपिअरला दोन वॅट, म्हणजे पातळ कानाच्या जवळपास सातपट, आणि ते नखाएवढ्या जागेत. पण त्यावर इलाज जाड प्लेट नाही. कानावर तेवढ्याच धातूचा दुसरा तुकडा ठेवायचा, दोन्ही बाजूंनी मोठे वॉशर घालायचे, सांधा पाण्याच्या पातळीपासून लांब न्यायचा. एका भोकासाठी सातही प्लेटा जाड का करू? मुळात सगळ्या प्लेटांची जाडी एकच असली पाहिजे, हे कोणी ठरवलं? आपण दुकानात एक तावच्या ताव घेतो आणि त्यातून सात चौकोन कापतो, म्हणून ती एक असते. तो सोयीचा नियम आहे, विज्ञानाचा नाही.

शंकेखोर : हे चांगलं बोललास. मग सोयीचं अजून एक कारण ऐक. अर्ध्या मिलिमीटरचा चौकोन दोन हातांत धरून अंगठ्याने मधोमध दाब. तेलाच्या डब्याचा तळ दाबल्यावर जसा टप्पकन आत जातो आणि सोडला की टप्पकन बाहेर येतो, तसं होईल. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. जाडी दुप्पट केलीस तर ताठपणा आठपट, तिप्पट केलीस तर सत्तावीसपट. तुझं अंतर तीन मिलिमीटर. पातळ पत्रा हातात येतानाच कुठेतरी मुरडलेला असतो. शिअरिंगवर कापला की कडेला बर येते, ड्रिल मारलं की भोकाभोवती फुगतो. अशा सात प्लेटा एकावर एक रचल्यास की कुठे अंतर चार, कुठे दोन. जिथे दोन तिथे वीज जास्त जाणार, बुडबुडे जास्त, तापमान जास्त. तू सरासरीचा हिशोब केलास. यंत्र सरासरीत बिघडत नाही, एका कोपऱ्यात बिघडतं.

हौशी : अंतर बिघडतं हे खरं, पण पत्रा वाकायला त्याला कोणीतरी ढकलावं लागतं. मधल्या प्लेटांना वर-खाली भोकं आहेत, पाणी आणि वायू दोन्हीकडे सारखेच. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असेल तर पत्र्याला वाकायचं कारणच उरत नाही. दाब येतो तो टोकाच्या प्लेटांवर, आणि त्यांच्या पाठीशी बोटभर जाडीची फळी आहे. मुळातला मुरडलेलेपणा म्हणाल तर मी सपाट काचेवर ठेवून बघीन आणि जो डुगडुगेल तो परत करीन. आणि जाडी म्हणजेच ताठपणा असं कुठंय? छपरावरचा पन्हळी पत्रा बघा. पावसापाण्यात, माणूस वर चढला तरी उभा राहतो, आणि असतो किती जाडीचा? याच्याच आसपास. ताठपणा त्या नागमोडीत आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांतल्या फ्युएल सेलमध्ये धातूच्या प्लेटा वापरतात, त्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या जाडीच्या असू शकतात. त्यांच्यावरही पन्हळ दाबलेली असते, वायू खेळायला आणि ताठपणाला, दोन्हीला.

शंकेखोर : त्या प्लेटा साच्यात दाबलेल्या असतात, वर लेप दिलेला असतो, आणि ते करणाऱ्याकडे प्रेस असतो. तुझ्याकडे हातोडा आहे. पण ताठपणावर मी अडून बसत नाही. मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर, आणि ती गोष्ट सव्वादोनशे वर्षं जुनी आहे. १८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्या बॅटरीच्या तारा पाण्यात सोडल्या. तारा पितळेच्या होत्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. दुसऱ्या तारेवर ऑक्सिजन यायला हवा होता, तो आलाच नाही. तार काळवंडत गेली. ऑक्सिजन तारेनेच खाल्ला होता. मग त्यांनी प्लॅटिनमच्या तारा घेतल्या, तेव्हा दोन्ही वायू मिळाले. म्हणजे हे यंत्र जन्माला आलं त्याच महिन्यात कळलं होतं की धन बाजूचा धातू हा नुसता पोचवणारा नसतो, तो जेवायलाही बसतो. तू पत्रा किती वीज वाहतो ते मोजलंस. पत्रा किती उरतो ते मोजलंस का?

एक हिशोब मीही करून आलोय. समजा दहा अँपिअरमधला एक टक्का पाणी फोडण्याऐवजी लोखंड विरघळवण्यात गेला. हा एक टक्का मी हवेतून घेतलाय, तुझ्या सेलमध्ये तो किती असेल ते तुझा धातू आणि तुझं पाणी ठरवेल. फॅरेडेच्या नियमाने तासाला ०.०७ ग्रॅम. शंभर तासांत सात ग्रॅम. शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरले तर जवळपास ०.०९ मिलिमीटर. तुझ्या अर्ध्या मिलिमीटरचा पाचवा हिस्सा गेला. दीड मिलिमीटरच्या पत्र्याला ओरखडा पडला. शिवाय ही झीज एकसारखी होईल या भ्रमात राहू नकोस. तू डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून एक दिवस बोअरचं पाणी घालशील, आणि त्यातला क्लोराइड सुईने टोचल्यासारखी भोकं पाडील. मिठाचं तर नावच काढू नकोस. मीठ घातलं की ऑक्सिजनबरोबर क्लोरीनही येतो आणि पाणी आठवड्यात विटकरी होतं. म्हणून जाडी हवी. विजेसाठी नाही, ही तुझी गोष्ट मान्य. झिजेसाठी.

हौशी : आता मला एक विचारू द्या. ते सात ग्रॅम जातात कुठे?

शंकेखोर : पाण्यात.

हौशी : आणि त्यात असतं काय? ३०४ मध्ये अठरा टक्के क्रोमियम असतं. सात प्लेटांपैकी सहांचं एकेक तोंड धन, म्हणजे तुमच्याच हिशोबाने शंभर तासांत बेचाळीस ग्रॅम पोलाद विरघळलं, त्यातलं साडेसात ग्रॅम क्रोमियम. धन तोंडावर, पोटॅशमध्ये, ते क्रोमेट होऊन बसतं. पाणी पिवळं दिसायला लागतं ना, तेच ते. सहा संयुजेचं क्रोमियम, कॅन्सर करणारं. ते मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं नाही, उघड्या हाताने शिवायचं नाही. आता सांगा, दीड मिलिमीटरचा पत्रा घेतल्याने हे विष कमी झालं का? एका ग्रॅमनेही नाही. झिजेचा वेग वीज, धातू आणि पाणी ठरवतात, जाडी नाही. जाड पत्र्याने फक्त एवढंच होतं की चुकीचा धातू घेऊनही सेल तिप्पट दिवस चालत राहतो, आणि तुम्ही म्हणता, ‘बघ, जाड घेतला म्हणून टिकला.’ तो टिकला नाही, काका, तो तिप्पट विरघळला. माझा पातळ पत्रा महिन्याभरात फुटेल आणि सांगेल की इथे काहीतरी चुकतंय. भिंतीला ओल धरली की प्लॅस्टरचा जाड थर मारणारे आणि पाइप शोधणारे, असे दोन प्रकारचे लोक असतात. माझा अर्धा मिलिमीटर हा पाइप शोधायचा उपाय आहे.

शंकेखोर : पोरा, हे मला लागलं. अठ्ठावीस वर्षांत मी किती ठिकाणी प्लॅस्टर मारलं असेल, देव जाणे. पाइपांना, टाक्यांना झिजेसाठी म्हणून जादा जाडी धरायची ही रीत आम्ही कारखान्यात पाळली, आणि ती चुकीची नाही. पण तिथे झिजेचा वेग आधी माहीत असतो. वर्षाला इतकं जाणार, वीस वर्षं हवीत, म्हणून इतकं जास्त धर. वेग माहीत नसताना जाडी वाढवणं म्हणजे तू म्हणतोस तसं प्लॅस्टर, हे कबूल. पण तुझ्या बोलण्यातही एक फट आहे. पातळ पत्रा फुटेल आणि तुला सांगेल, असं म्हणालास. कसं सांगेल? न्यूट्रल प्लेटीला आधीच पाण्यासाठी भोकं आहेत. त्यात अजून एक बारीकसं भोक पडलं तर काय होणार? थोडी वीज प्लेट सोडून पाण्यातूनच पलीकडे जाईल, वायू किंचित कमी निघेल. तुला पत्ताही लागणार नाही. सहा घरांतलं एक घर आजारी आहे हे बाहेरून कोणाला दिसतं? आणि टोकाची प्लेट फुटली तर ती सांगेल खरी, पण कशी? तिच्यामागून पाव भाग पोटॅश असलेलं पाणी फळी आणि पत्र्याच्या फटीतून तुझ्या टेबलावर येईल. ते डोळ्यात गेलं तर डोळा जातो. ही खबर नव्हे, हा अपघात. पातळ पत्रा घंटा वाजवतो असं तू धरून चाललायस, पण घंटा बांधलीयस कुठे?

हौशी : वजनात. एक मिलिमीटरची प्लेट १७८ ग्रॅम भरते, अर्ध्याची ८९. दर दहा तासांनी सेल उघडायचा, प्लेटा धुवायच्या, सुकवायच्या, ०.१ ग्रॅमच्या काट्यावर तोलायच्या. प्लेटांवर खुणेने नंबर ठोकलेत. पातळ पत्र्यात तेवढीच झीज दुप्पट टक्क्यांनी दिसेल.

शंकेखोर : काट्याला टक्के कळत नाहीत रे, ग्रॅम कळतात. ०.७ ग्रॅम गेले तर ते १७८ मधूनही ०.७ आणि ८९ मधूनही ०.७. तोलायचंच असेल तर जाडीने काही फरक पडत नाही. म्हणजे तुझी घंटा पातळपणात नाही, तुझ्या वहीत आहे. आणि वही नियमाने लिहिणारा माणूस जाड पत्र्यावरही सुरक्षित आहे.

हौशी : ...हे खरंय.

शंकेखोर : आणि वही न लिहिणारा पातळ पत्र्यावरही नाही. आता गप्प झालायस तर मूळ मुद्दा विचारतो, रागावू नकोस. हे सगळं कशासाठी? बारा व्होल्ट, दहा अँपिअर, १२० वॅट. तासाला सव्वादोन ग्रॅम हायड्रोजन. घरच्या गॅसच्या भाषेत सहा ग्रॅम एलपीजी. एक १४.२ किलोचं सिलिंडर भरून निघायला तुझा सेल शंभर दिवस, रात्रंदिवस चालवावा लागेल, आणि वीज खर्च होईल २९० युनिटच्या आसपास. ही बचत?

हौशी : बचत म्हणून मी करतच नाही. पाण्यावर गाडी चालवतो म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला बसवू नका. ती रांग कुठे संपते ते मला माहीत आहे. अमेरिकेत स्टॅन्ली मायर नावाचा माणूस पाण्यावर चालणारी बग्गी दाखवायचा. १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. पण त्या रांगेच्या शेजारून दुसरी रांग जाते. पंजाबात नांगलला भाक्राच्या विजेवर पाणी फोडून खत केलं जायचं आणि त्यातूनच १९६२ पासून जड पाणी मिळायला लागलं. २०२३ च्या जानेवारीत केंद्राने हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींची मोहीम मंजूर केली. ज्या यंत्रांसाठी ते पैसे आहेत, त्यातलं एक जुनं घराणं म्हणजे माझ्या टेबलावरचीच गोष्ट : प्लेटा, गॅस्केट, पोटॅश. फक्त तिथे निकेलचा मुलामा असतो आणि दोन वायूंमध्ये पडदा असतो.

शंकेखोर : तोच पडदा तुझ्याकडे नाही, हे तूच बोललास म्हणून बरं झालं. तुझ्याकडे दोन्ही वायू एकाच नळीतून एकत्र बाहेर येतात, तेही अचूक स्फोटाच्या प्रमाणात. ठिणगी किती लागते? हवेतल्या हायड्रोजनला ०.०२ मिलिजूल, स्वेटर काढताना अंगावर चटकन होतं त्याहून कमी. इथे लोक जाडीचा एक भलताच फायदा धरतात : ‘जाड पत्रा आहे, काही झालं तरी आवरेल.’ तो आवरत नाही. फुटलाच तर जड तुकडे होऊन येतो. वायू साठवायचा नाही, बबलरची पाण्याची बाटली सोडून नळी पुढे न्यायची नाही, खिडकी बंद करून चालवायचा नाही. याला पत्र्याच्या जाडीचा पर्याय नाही, ना अर्ध्याचा ना दीडचा.

हौशी : त्यावर आपलं भांडणच नाही. फुगेही भरणार नाही, आणि मुलांना दाखवायला साबणाचा फेस पेटवणंही बंद. मला फक्त दहा तास चालवायचं, मोजायचं, बंद करायचं, हे करायचंय. आणि आता तुमच्या बोलण्यातून जाडीचा नकाशाच बदललाय. सातही प्लेटांना वेगवेगळी कामं आहेत. ऋण टोकाच्या प्लेटीवर फक्त हायड्रोजन सुटतो, ती जवळजवळ झिजत नाही. तिला पातळ पत्रा चालेल, कान तेवढा दुहेरी. धन टोकाची प्लेट झिजतेही आणि तिच्यावर सांधाही आहे, शिवाय ती फुटली तर पाणी बाहेर; ती दीडची. मधल्या पाचांचं एक तोंड झिजतं, दुसरं नाही. त्या अर्ध्याच्या.

शंकेखोर : आणि धातू? महिनाभर जाडीवर भांडलास, धातूवर किती वेळ घालवलास? ताव ३०४ चा आहे हे तुला कोणी सांगितलं, दुकानदाराने? त्याने चुंबक लावून दाखवलं असेल. चुंबक चिकटला नाही म्हणजे चांगला माल, असं भांडीबाजारात सांगतात. २०२ नंबरलाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल निम्मं आणि बदल्यात मँगनीज. भंगारवाल्यांकडे थेंबाची बाटली असते, थेंब टाकला की मँगनीजवाल्या पत्र्यावर रंग वेगळा उठतो. पहिले पैसे त्या थेंबावर खर्च कर. मला विचारशील तर निकेलची पातळ पट्टी किंवा निकेलचा मुलामा दिलेला साधा पत्रा, आणि मग जाडी हा प्रश्न निम्मा गळून पडतो.

हौशी : निकेलचा भाव ऐकलाय का?

शंकेखोर : ऐकलाय. म्हणूनच तर लोक जाड स्टेनलेस घेतात. महाग धातू परवडत नाही, मग स्वस्त धातू जास्त घ्यायचा. ते प्लॅस्टर म्हण हवं तर, पण गरिबाचं प्लॅस्टर आहे.

हौशी : मग असं करू. एकाच तावाच्या नाही, पण एकाच नंबरच्या स्टीलच्या, एक अर्ध्याची आणि एक दीडची, दोन्ही थेंबाने तपासलेल्या. दोन वेगळे छोटे डबे, पाणी सारखं, पोटॅश सारखं, ओला भाग सारखा. दोन्ही एकामागे एक जोडायचे, म्हणजे दोन्हीतून नेमकी तेवढीच वीज जाईल. शंभर तास. मग दोन्ही धन प्लेटा काट्यावर.

शंकेखोर : आणि दोन्हींतून सारखेच ग्रॅम गेले तर?

हौशी : तर सिद्ध झालं की जाडीने झीज एका ग्रॅमनेही कमी होत नाही. मग जाड कशाला घ्यायचा?

शंकेखोर : वा. मी म्हणणार, तेवढे ग्रॅम जाऊनही एकीचा पत्रा शाबूत आहे आणि दुसरीचा चाळण व्हायला आलाय. मग पातळ कशाला घ्यायचा?

हौशी : म्हणजे आकडा एकच.

शंकेखोर : आकडा एकच. काटा आण आधी, आणि तोलण्यापूर्वी त्याच्याखालचं टेबल हलतंय का ते बघ.